कमरख: गुणी फळ, पण सगळ्यांसाठी नाही

कमरख आडवं कापलं की पाच टोकांच्या चांदण्या पडतात. साल मेणासारखी गुळगुळीत, पिकल्यावर पिवळीधमक. ती सोलावीही लागत नाही. वजनाच्या हिशेबात हे फळ चांगलंच आहे. १०० ग्रॅम गरात ९१ ग्रॅम पाणी, जेमतेम ३१ किलोकॅलरी, साखर ४ ग्रॅम, तंतुमय पदार्थ २.८ ग्रॅम आणि ‘क’ जीवनसत्त्व सुमारे ३४ मिलिग्रॅम. वजन सांभाळणाऱ्याला आणखी काय हवं?

पण ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, त्यांनी कमरखाची एक फोडही तोंडात घालू नये. फळ म्हटलं की ते निरुपद्रवीच असणार, ही समजूत इथे जिवावर बेतू शकते.

अशा रुग्णाला फळ खाल्ल्यावर काही तासांत उचकी लागते. पाणी प्या, श्वास रोखा, ती थांबत नाही. पुढे उलट्या, असंबद्ध बोलणं, झटके, आणि उपचारांना उशीर झाला तर मृत्यूसुद्धा. यामागचं विष ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ओळखलं आणि त्याला कॅरॅम्बॉक्सिन असं नाव दिलं. फेनिलॲलनीन या अमिनो आम्लाशी त्याची रचना मिळतीजुळती आहे. मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना (रिसेप्टरना) ते चेतवतं आणि चेतापेशी भडकतात. निरोगी मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. अधू मूत्रपिंडांना ते जमत नाही. विष रक्तात साठतं आणि मेंदूपर्यंत पोचतं.

दुसरा धोका फळातल्या ऑक्झॅलेट या क्षाराचा, आणि तो धडधाकट माणसालाही आहे. ऑक्झॅलेट कॅल्शियमशी संयोग पावून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत स्फटिक होऊन अडकतं. आंबट वाणांत ते जास्त असतं. एखादं फळ खाल्ल्याने निरोगी माणसाचं काही बिघडत नाही, पण उपाशीपोटी पेलेच्या पेले रस प्यायल्यावर मूत्रपिंडं अचानक निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली कमरखाचा रस पिऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूत्रपिंडाचा आजार बराच काळ लक्षणांशिवाय वाढतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब जुना असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते यावरून कळतं) तपासल्याशिवाय या फळाच्या वाटेला जाऊ नका. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते चुकून खाल्लंच, तर उचकी लागण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या आणि कमरख खाल्ल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे विष डायलिसिसने रक्तातून काढता येतं.