दावा मिटला तरी सिबिलवर ‘सूट फाइल्ड’ का दिसतं? गोव्यातल्या कर्जदारांसाठी माहिती

वाळपयच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याने मोबाइलवर सिबिलचा रिपोर्ट उघडून माझ्यापुढे धरला. खाणी बंद पडल्या तेव्हा हप्ते थकले, बँकेने दावा लावला, पुढे लोकअदालतीत तडजोड झाली, ठरलेली रक्कम भरूनही झाली. तरी ट्रकच्या कर्जाखाली ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) हे दोन शब्द तसेच. ‘कोर्टाने फाइल बंद केली, मग ह्यांनी का नाही केली?’

कारण कोर्ट सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, काही कळवतच नाही. आपल्याकडे क्रेडिट रिपोर्टात निकालाचा असा वेगळा रकाना नसतो. बँक किंवा फायनान्स कंपनी आपल्या खात्याची जी माहिती पाठवते तीच तिथे दिसते: किती दिवस थकलं, दावा लावला का, कर्ज राइट-ऑफ केलं (बुडीत धरलं) का, तडजोडीत मिटवलं का. त्यामुळे निकाल तुमच्या बाजूने लागला किंवा हुकूमनाम्याचे (डिक्रीचे) सगळे पैसे भरले, तरी बँकेतल्या माणसाने नोंद बदलून पाठवेपर्यंत रिपोर्ट हलत नाही. (खाणीचा निकाल तर आणखीच वेगळा. 7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या 88 खाण-लिजांचं नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून खनिज काढणं थांबलं. ट्रकवाले त्या खटल्यात पक्षकारही नव्हते. रिपोर्ट मात्र त्यांचे बिघडले.)

यूट्यूबवरचे अमेरिकन सल्ले इथे चालत नाहीत. इंग्लंडचा नियमही वेगळा आहे, आणि स्विंडनला घरचं माणूस असेल तर तो माहीत असलेला बरा: तिथे कौंटी कोर्टाचा निकाल थेट रिपोर्टात चढतो आणि 6 वर्षं राहतो. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढून टाकतात. उशिरा भरली तर नोंद राहते, फक्त रक्कम फिटल्याचा शेरा पडतो.

आता आपली प्रक्रिया. आधी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तेव्हा चारही काढा. एकीकडे नोंद सुधारलेली आणि दुसरीकडे जुनीच, असं होऊ शकतं. नुसता स्कोअर बघून थांबू नका. त्या कर्जाच्या खात्यात जाऊन दाव्याचा शेरा, राइट-ऑफ किंवा ‘सेटल्ड’चा शेरा, शिल्लक रक्कम आणि तारीख एका कागदावर उतरवून घ्या. रिपोर्टाचा कंट्रोल नंबरही लिहून ठेवा, तक्रारीत तो लागतो.

अर्ज कुणी करायचा? ज्याच्या रिपोर्टात नोंद आहे त्याने. मूळ कर्जदारच पाहिजे असं नाही. सहकर्जदार आणि जामीनदार यांच्या रिपोर्टातही ते खातं दिसतं. मेहुण्यासाठी सही केलेली असेल तर तुमचाही रिपोर्ट काढून बघा.

कागद हे लागतात: पॅन आणि आधार, निकाल आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, किंवा लोकअदालतीचा निवाडा, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचा नो ड्यूज दाखला, दावा मागे घेतला असेल तर तो ऑर्डर. प्रमाणित प्रत ज्या कोर्टात निकाल झाला तिथेच अर्ज करून मिळते, मग ते म्हापसा असो, डिचोली असो की मडगाव. केस नंबर हरवला असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. फक्त नाव शोधताना स्पेलिंग सांभाळा. आपल्याकडे एकच आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने, पॅनवर इंग्रजी वळणाने, आणि दाव्यात तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं असतं. ह्याच घोळात दुसऱ्याचं कर्ज आपल्या रिपोर्टात येऊ शकतं. तसं झालं असेल तर जन्मतारीख आणि पॅन जुळत नाहीत हे तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा.

कोर्टाबाहेर बँकेला परस्पर पैसे देऊन मिटवलं असेल तर एक गोष्ट विसरू नका. हुकूमनामा फिटल्याची नोंद कोर्टात झाली पाहिजे. बँकेने ती केली नाही तर तुम्ही स्वतः 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. नोंद नसेल तर अंमलबजावणी करणारं कोर्ट ती परतफेड धरत नाही, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते.

तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरांत आणखी एक प्रकार घडतो. माणूस बोटीवर, समन्स गावच्या घरी, आणि निकाल एकतर्फी. समन्स नीट बजावलंच नव्हतं असं असेल, तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आधी वकील गाठा, सिबिल नंतर.

कागद जमले की बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कर्ज दुसऱ्या वसुली कंपनीला विकलेलं असेल तर दाखला तिच्याकडून घ्यायचा. त्याच आठवड्यात चारही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ऑनलाइन तक्रार टाका. त्या स्वतःहून नोंद बदलत नाहीत, बँकेला विचारतात. उत्तरासाठी बँकेला 21 दिवस मिळतात. एकूण 30 दिवसांत तक्रार निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ती मागा, लोक मागतच नाहीत. तेवढ्यानेही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे.

सगळ्यात महागात पडतो तो ‘सेटल्ड’ शेरा. तडजोडीत बँकेने व्याज किंवा मुद्दल सोडलं की खातं ‘क्लोज्ड’ न दाखवता ‘सेटल्ड’ दाखवते, आणि पुढची बँक ते वाचून मागे सरते. हा शेरा चुकीचा नसतो, त्यामुळे तक्रार करून निघत नाही. म्हणून तडजोडीच्या अटींवर सही करण्याआधी विचारा: पैसे भरल्यावर रिपोर्टात काय पाठवणार, आणि किती दिवसांत? उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, नंतर बोलायला जागा राहत नाही. शेरा सात वर्षांनी आपोआप जातो असं सांगणारेही भेटतात. पण कायद्यातली सात वर्षं ही माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत आहे, शेरा काढण्याची नव्हे.

वाळपयच्या ट्रकवाल्याचा ‘सूट फाइल्ड’ गेला, ‘सेटल्ड’ राहिला. बँक म्हणते, सोडलेली रक्कम भरा, ‘क्लोज्ड’ करून देतो. भरायची की नाही, हे त्याच्या घरात अजून ठरतंय.