गॅस 'गोड' करायची आणि विहीर वाचवायची केमिकलं आली कुठून

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटंसं ब्लेंडिंग युनिट आहे, गेटच्या आत निळे ड्रम रचलेले असतात, त्यावर लेबलं कॉरोजन इन्हिबिटर (गंज रोखणारं), स्केल इन्हिबिटर (पाइपात दगडासारखा थर जमू न देणारं), एचटूएस स्कॅव्हेंजर (विषारी एचटूएस गॅस खाऊन टाकणारं) अशी, आणि दिघ्याचा आमचा टेम्पोवाला दर खेपेला विचारतो की शेठ हे नक्की जातं कुठं. मी सांगतो समुद्रात, तेलाच्या विहिरीत. त्याला वाटतं मी उडवतोय त्याला. परवा सोसायटीच्या मीटिंगनंतर शेजारच्या काकांनीही तेच विचारलं, वर म्हणाले अरे तेल तर जमिनीतून आपोआप वर येतं ना, मग त्यात कसलं आलंय औषध. त्यांना जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण ह्या धंद्याची गंमत अशी आहे की जवळजवळ प्रत्येक केमिकल हे आधीच्या केमिकलने करून ठेवलेला घोळ निस्तरायला आलेलं आहे.

सुरुवात विहिरीपासून नाही, रस्त्यावरच्या दिव्यांपासून करावी लागते. १८६५ ला मुंबईत गॅसचे दिवे लागले तेव्हा तो गॅस जमिनीतला नव्हता, दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून काढलेला होता, आणि कोळशात गंधक असतं त्यामुळे त्या गॅसात हायड्रोजन सल्फाइड यायचा, म्हणजेच आमच्या भाषेत एचटूएस, सडक्या अंड्याचा वास. लंडनला हे दुखणं त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. तिथे आधी गॅस चुन्यातून नेऊन साफ करायचे, पण वापरून झालेला तो चुना इतका घाण वास मारायचा की तो टाकायचा कुठे हाच मोठा प्रश्न होऊन बसला, म्हणजे वास गॅसातून काढला आणि गल्लीत आणून ठेवला. मग आयर्न ऑक्साइड आलं, लाकडाच्या भुशावर बसवलेला गंजच तो, त्यातून गॅस गेला की गंधक गंजाला चिकटून राहतं. हीच पद्धत पुढे अमेरिकेत नैसर्गिक गॅसला लावली, नाव पडलं आयर्न स्पंज, आणि अजूनही लहान विहिरींवर ती दिसते. वैताग एवढाच की भुसा गंधकाने भरला की टाकी उघडून उपसायची, आणि उपसताना हवा लागली की तो माल आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून पाणी मारत मारत काढायचा.

खरा बदल १९३० चा. रॉबर्ट रॉजर बॉटम्स नावाच्या केमिस्टने, तो गर्डलर कंपनीत होता, अमाइनचं पेटंट घेतलं. आयडिया ऐकायला एकदम साधी आहे, अमाइन हा अल्कली जातीचा पदार्थ, एचटूएस आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही अ‍ॅसिड जातीचे, तर थंड अमाइनच्या पाण्यातून गॅस वर सोडायचा, अमाइन दोघांना धरून ठेवतं, मग ते अमाइन दुसऱ्या टॉवरमध्ये नेऊन ११०-१२० डिग्रीला उकळायचं की धरलेलं सगळं सोडून देतं आणि अमाइन परत कामाला तयार. तेच पाणी गोल गोल फिरत राहतं, टाकी उपसायची भानगड नाही. वास गेलेल्या गॅसला स्वीट म्हणायचे आणि ह्या कामाला स्वीटनिंग, आता ह्याला मराठीत गोड करणं म्हटलं की लोक हसतात पण प्लँटवरची मराठी पोरं बिनधास्त तसंच बोलतात. सुटलेला एचटूएस क्लाउस युनिटला, म्हणजे एचटूएसचं गंधक करणाऱ्या प्लँटला जातो, त्याची मूळ पद्धत १८८३ ची, आणि तिथून पिवळं गंधक मिळतं, जे खतवाले घेतात.

बॉटम्सने सुरुवात ट्रायइथेनॉलअमाइनने केली होती, नंतर त्याच्याहून जोरकस म्हणून मोनोइथेनॉलअमाइन आलं, एमईए. आणि इथे पहिला घोळ. एमईए गॅसचा विषय संपवतं पण वापरता वापरता ते स्टील खायला लागतं, म्हणून पाण्यात १५-२० टक्क्यांच्या वर घालायला लोक घाबरायचे, आणि पाणी जास्त म्हणजे उकळायला इंधनही जास्त. गंज सोडा, तडेही जातात. १९८४ च्या जुलैत अमेरिकेत रोमिओव्हिलच्या रिफायनरीत एमईएचा टॉवर फुटला आणि १७ माणसं गेली, चौकशीत वेल्डिंगच्या बाजूने गेलेले तडे सापडले. आज बहुतेक ठिकाणी एमडीईए, म्हणजे मिथाइलडायइथेनॉलअमाइन, दिसतं, ते ५० टक्क्यांपर्यंत चालतं, कमी चावतं, आणि एचटूएसला आधी पकडून कार्बन डायऑक्साइडला बराचसा जाऊ देतं. हा गुण १९५० लाच छापून आला होता, पण धंद्यात रुळायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली, केमिकलच्या धंद्यात हे नेहमीचंच.

एचटूएसची एवढी भीती का ते पण सांगतो, कारण सेफ्टी ट्रेनिंगला नवीन पोरं डुलक्या घेत असतात आणि हा भाग आला की जागी होतात. थोडासा असला की वास येतो, १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं, वास यायचा बंद होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. गेलेला नसतो. २४ नोव्हेंबर १९५० ला मेक्सिकोत पोझा रिका गावात गंधक काढायच्या प्लँटमधून पहाटे गॅस सुटला, २२ माणसं मेली आणि ३२० हॉस्पिटलमध्ये. पुढच्याच वर्षी डिसेंबरात फ्रान्समधे लाक गावी गॅस सापडला, त्यात एचटूएस १५ टक्क्यांच्या घरात, पीपीएम नाही, टक्के, आणि विहीर बेकाबू झाली. तिथे लक्षात आलं की ह्या गॅसात चांगलं मजबूत स्टील काचेसारखं तडकतं. हायड्रोजन स्टीलच्या आत घुसतो आणि जितकं स्टील कडक तितकं ते लवकर मोडतं, म्हणजे मजबुतीसाठी जास्त पैसे मोजले तेच अंगाशी आलं. त्याला टिकेल असं स्टील बनवून गॅस धड काढायला १९५७ उजाडलं. म्हणून नुसती केमिकलं ओतून विहीर वाचते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आधी धातू बरोबर पाहिजे, ड्रम त्याच्यानंतर, आणि हे मी ड्रम विकणारा माणूस सांगतोय.

दुसरा शत्रू पाणी. १९३० च्या आसपास अमेरिकेत लांब लांब गॅस लाइनी पडल्या आणि थंडीत त्या तुंबायला लागल्या, लोक म्हणायचे बर्फ झाला. पण तापमान शून्याच्या वर असतानाही तुंबायच्या, हे कसं काय. १९३४ ला हॅमरश्मिट ह्या केमिस्टने दाखवून दिलं की हा साधा बर्फ नाहीच, गॅसचे रेणू पाण्याच्या पिंजऱ्यात अडकून झालेला हायड्रेट आहे, दाबाखाली तो शून्याच्या बऱ्याच वर पण जमतो. गंमत म्हणजे असला पदार्थ क्लोरीनचा म्हणून हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारासच पाहिला होता, शंभरेक वर्षं तो प्रयोगशाळेतली मजा म्हणून पडून राहिला. हॅमरश्मिटने किती मिथेनॉल टाकलं की किती डिग्री वाचतील त्याचं गणितही दिलं आणि आजही सुरुवातीचा हिशोब आम्ही त्याच्यावरच लावतो. मिथेनॉल स्वस्त, पण गॅसाबरोबर उडून जातं, मग ग्लायकॉल आलं, आधी डायइथिलीन आणि नंतर ट्रायइथिलीन, टीईजी, जे पाणी शोषतं आणि २०० डिग्रीच्या आसपास तापवलं की पाणी सोडतं. हायड्रेटने आपली ताकद जगाला दाखवली ती २०१० ला, मेक्सिकोच्या आखातात फुटलेल्या विहिरीवर मोठी लोखंडी टोपी ठेवायला गेले आणि टोपी आतून हायड्रेटने भरली, काम फसलं.

आता माझा आवडता भाग, अ‍ॅसिड. हर्मन फ्राश हा अवलिया, ओहायोच्या वासमाऱ्या क्रूडमधून गंधक काढून दाखवणारा, जमिनीतलं गंधक गरम पाण्याने वितळवून वर आणायची पद्धतही त्याचीच. १८९६ ला त्याने पेटंट घेतलं की चुनखडीच्या खडकात तेल अडकलं असेल तर वरून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडा, खडक विरघळेल, वाटा मोकळ्या होतील. बरोबर होतं एकदम. पण अ‍ॅसिड खडकाइतकंच आनंदाने पाइपही खातं, आणि फ्राशला ते माहीत होतं म्हणून त्याने पाइपाला आतून अस्तर वगैरे सुचवलं होतं, तरी पुढची तीसेक वर्षं ही पद्धत जवळपास विसरल्यातच जमा होती.

मग १९३२ चा फेब्रुवारी, मिशिगन. प्युअर ऑइल कंपनीची एक विहीर, फॉक्स नंबर सहा, जवळपास मेलेली. डाउ केमिकलच्या लोकांना अ‍ॅसिडचा अनुभव होता, आणि त्यांच्याकडे अ‍ॅसिडला धातूपासून लांब ठेवायची युक्तीपण होती, अ‍ॅसिडमध्ये थोडं आर्सेनिक. ५०० गॅलन अ‍ॅसिड, म्हणजे साधारण १९०० लिटर, गाडीवरच्या टाकीतून बागेच्या पाइपने सायफन करून विहिरीत सोडलं. हो, बागेला पाणी घालायचा पाइप! आणि मेलेली विहीर दिवसाला १६ पिंपं द्यायला लागली. त्याच वर्षाच्या शेवटी डाउने त्या कामासाठी वेगळी कंपनी काढली, डाउवेल. माझ्या मते ह्या गोष्टीचा हिरो अ‍ॅसिड नाही, आर्सेनिक आहे. अ‍ॅसिड तर फ्राशकडेपण होतं, पाइप वाचवणारी चिमूटभर गोष्ट नव्हती. पण मग आर्सेनिकचा घोळ, ते विषारी, आणि वर तेलातून रिफायनरीत जाऊन तिथला कॅटालिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, मारायचं, रिफायनरीवाल्यांनी बोंब ठोकली, आणि हळूहळू ते जाऊन ऑरगॅनिक इन्हिबिटर आले.

ऑरगॅनिक इन्हिबिटर म्हणजे काय तर लांब शेपटीचे अमाइन नाहीतर इमिडाझोलिन जातीचे रेणू, १९४० च्या दशकात गॅसच्या विहिरीतल्या ट्यूबिंगला भोकं पडायला लागली तेव्हापासून ह्यांना जोर आला. रेणूचं डोकं स्टीलला चिकटतं, तेलकट शेपटी बाहेर राहते, आणि पाणी धातूपर्यंत पोचत नाही. मी नवीन पोरांना सांगतो की आई लोखंडी तव्याला तेलाचं बोट लावून ठेवायची ना, तेच. फक्त तवा तीन किलोमीटर लांब आहे आणि आतून सोडावॉटर वाहतंय. कारण गॅसातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सोडाच होतो तो, आणि बाटलीत गार लागतो तो सोडा विहिरीतल्या दाबाला आणि उष्णतेला स्टील चाळणी करून टाकतो. डोस थांबला की थर धुऊन जातो, म्हणून पंप चोवीस तास थेंब थेंब सोडत असतो. काम होतंय का ते बघायला स्टीलची पट्टी, कूपन म्हणतात तिला, वजन करून लाइनमध्ये टांगायची आणि काही महिन्यांनी काढून परत वजन. एकदा एका गिऱ्हाइकाकडून कूपन आलं ते पार खाल्लेलं, आम्हाला शिव्या बसल्या, मग कळलं की त्यांच्या माणसाने डोसिंग पंप आठवडाभर बंद ठेवला होता. सॉरी कोणी म्हणालं नाही, ते असू दे.

आपल्याकडची गोष्ट सागर सम्राट ह्या ड्रिलिंग रिगने १९७४ ला मुंबईजवळच्या समुद्रातलं बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र शोधलं तिथून, १९७६ ला तेल यायला लागलं, आणि १९७८ पासून पाइपलाइनने उरणला. ते तेल चुनखडीच्या खडकात आहे, म्हणजे फ्राशचा अ‍ॅसिडवाला नुस्खा जणू ह्याच खडकासाठी. नंतर वसईच्या नावाची बेसिन फील्ड आली, तिचा गॅस सावर, म्हणजे एचटूएसवाला, नाव आपल्या वसईचं पण गॅस गेला गुजरातला हजिराला, तिथे मोठी स्वीटनिंग युनिटं बसली आणि गंधकही तिथेच निघतं. ८० च्या दशकात पनवेलला ओएनजीसीच्या इन्स्टिट्यूट आल्या, त्यातली एक तेल-गॅस उत्पादनाच्या तंत्राचीच, आणि ठाणे-बेलापूर रोडला केमिकलवाले आधीपासून होतेच, तिथून आमच्यासारख्या छोट्या युनिटांचं पोट चाललं.

आणि त्याच दशकात खडकातला दाब टिकवायला बॉम्बे हायमध्ये समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात झाली, जगभर तसंच करतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, लिटरमागे अडीच ग्रॅमपेक्षा जास्तच, आणि ते खाऊन एचटूएस सोडणारे जंतू असतात जे १८९५ लाच बायरिंक ह्या डच शास्त्रज्ञाने ओळखले होते. म्हणजे दाब वाढवायला पाणी घातलं की विहीर काही वर्षांनी स्वतःच आंबायला लागू शकते, जगात कितीतरी फील्डमध्ये हे झालेलं आहे. म्हणून पाणी खाली सोडायच्या आधी त्यातला ऑक्सिजन काढायचा, क्लोरीन द्यायचा, जंतू मारायचं औषध द्यायचं, तीन ड्रम तर इथेच आले. आणि त्या सल्फेटची खडकातल्या बेरियमशी गाठ पडली की बेराइटचा दगड जमतो जो अ‍ॅसिडलाही दाद देत नाही, म्हणून चौथा ड्रम स्केल इन्हिबिटरचा, तो दगड जमण्याआधीच द्यायचा, नंतर देऊन उपयोग नाही.

काकांना सगळ्यात हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढा आटापिटा करून गॅसातलं गंधक काढतात, आणि तोच गॅस ठाण्या-वाशीच्या किचनमध्ये यायच्या आधी त्यात परत गंधकाचाच वासमाऱ्या मर्कॅप्टन घालतात, कारण साफ गॅसला वासच नसतो आणि गळला तर कळणार कसं. १९३७ ला टेक्सासमध्ये न्यू लंडनच्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, जवळपास ३०० जण गेले त्यात बहुतेक मुलं, त्यानंतर वास घालायचे कायदे झाले.

सध्या आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते ट्रायझिन, १९९० च्या आसपास जोर धरलेला स्कॅव्हेंजर, जिथे एचटूएस थोडाच आहे आणि अख्खा अमाइन प्लँट परवडत नाही तिथे सरळ लाइनमध्ये सोडायचं, ते एचटूएसला खाऊन टाकतं. बनतं कशापासून तर फॉर्मल्डिहाइड आणि तेच ते एमईए, बॉटम्सच्या घराण्यातलं. आणि ह्यालाही खोड आहेच, जास्त वापरलं की पांढरट घट्ट गाळ बसतो, शिवाय पाण्याचा पीएच वर चढवतं आणि त्यामुळे लाइनमध्ये चुना जमतो. म्हणून ट्रायझिनची ऑर्डर आली की मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवतो थांब जरा, आठवड्याभरात त्याच प्लॅटफॉर्मसाठी स्केल इन्हिबिटरचेही ड्रम न्यायचे आहेत.