मेंदूतील न्यूनरक्तता आणि नववाहिनीनिर्मिती

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला (न्यूनरक्तता) की पर्यायी वाहिन्यांतून तेथे रक्त वळते आणि काही दिवसांनी जुन्या केशवाहिन्यांना नवे फाटे फुटू लागतात (नववाहिनीनिर्मिती). या दोन्ही प्रतिक्रिया एकाच संकटातून उद्भवत असल्या, तरी पहिली ऊतक वाचवते आणि दुसरी बहुतांशी त्याच्या सावरण्याला हातभार लावते.

शरीराच्या वजनात सुमारे २ टक्केच वाटा असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो आणि ऊर्जेचा साठा जवळजवळ बाळगत नाही. निरोगी अवस्थेत त्याच्या १०० ग्रॅम ऊतकातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. हे प्रमाण २० च्या खाली गेल्यास चेतापेशींचे विद्युत्कार्य थांबते आणि १० च्या आसपास आल्यास पेशी मरू लागतात. या दोन मर्यादांमधला, निष्क्रिय पण अजून जिवंत असलेला भाग किती तास तग धरेल, हे मोठ्या प्रमाणात जन्मजात जोडवाहिन्यांवर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेले, टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये वर्णिलेले रोहिणीवलय आणि पृष्ठभागावरील मृदुतानिकेतले, म्हणजे मेंदूला चिकटलेल्या पातळ आवरणातले, बारीक जोड या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांची ठेवण व्यक्तीगणिक बदलते, त्यामुळे एकाच जागी गुठळी अडकूनही दोन रुग्णांची हानी फार वेगळी असू शकते.

ऑक्सिजन घटल्यावर एचआयएफ-१ हे प्रथिन पेशींत टिकून राहते व व्हीईजीएफ या वाढघटकाचे जनुक कार्यान्वित करते. त्याच्या प्रभावाने वाहिन्यांच्या आतले अस्तर बनवणाऱ्या अंतःस्तर पेशी विभागतात, पुढे सरकतात आणि त्यांच्या नळ्या बनतात. मात्र हाच घटक वाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करतो, आणि उपचार म्हणून त्याचा वापर करण्यातली खरी अडचण येथेच आहे. उंदरांवरील प्रयोगांत तो मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यानंतर लगेच दिल्यावर रक्त-मेंदू अडथळ्यातून, म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत शिरू न देणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींतून, गळती वाढली, तर दोन दिवसांनी दिल्यावर नव्या वाहिन्या वाढून हालचाली सुधारल्या.

नवी वाहिनी म्हणजे भक्कम वाहिनी नव्हे, हे मोयामोया विकारात स्पष्ट दिसते. त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या रोहिण्या हळूहळू अरुंद होतात आणि त्यांच्याभोवती नाजूक वाहिन्यांचे जाळे तयार होते, जे प्रौढांत फुटून रक्तस्राव होऊ शकतो. या विकारात डोक्याच्या त्वचेतली रोहिणी मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवण्याची शस्त्रक्रिया करतात. तिच्यापासून मेंदूत शिरणाऱ्या वाहिन्या पुढील काही महिन्यांत वाढतात, आणि मुलांमध्ये हा परिणाम विशेष चांगला दिसतो.