धुऱ्यावरची तार आणि डीपीचा षड्ज

रात्री जागलीला बसलेल्या शेतकऱ्याला काय ऐकू येते असे विचारले, तर तो रानडुकरांची चाहूल सांगेल, रोह्यांच्या (नीलगायींच्या) टापा सांगेल. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अखंड गुणगुणणारी डीपी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची जागा, बहुधा सांगणार नाही. यात कानाचा दोष नाही. न बदलणाऱ्या आवाजाकडे मेंदू हळूहळू लक्ष देईनासा होतो, कारण धोक्याची वर्दी बदलातूनच मिळते. मायक्रोफोन अशी निवड करत नाही, आणि दुर्लक्षित आवाजांतून घडणारी ध्वनिकला या फरकावरच उभी आहे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसला रेल्वेच्या आवाजांच्या मुद्रणांतून रचना केली, ती या वाटेवरची एक आरंभीची खूण.

डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा पोलादी पत्र्यांचा असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. प्रत्येक आवर्तनात गाभ्याचे चुंबकत्व दोनदा शिगेला पोहोचते आणि दोन्ही वेळा पत्र्यांची लांबी किंचित बदलते, म्हणून मूळ स्वर १०० हर्ट्‌झचा निघतो. त्याच्याबरोबर २००, ३००, ४००, ५०० हर्ट्‌झचे उपस्वरही उमटतात. १०० ला षड्ज मानले, तर ३०० वर पंचम आणि ५०० वर शुद्ध गंधार येतो, म्हणजे तंबोऱ्यातून झिरपणारीच ही स्वरावली. थ्री फेज येऊन शिवारातले पंप सुरू झाले, की ट्रान्सफॉर्मरमधल्या तारांच्या वेटोळ्यांच्या कंपनांची त्यात भर पडते.

कुंपणाच्या तारेची गोष्ट अधिक रंजक आहे. वारा तारेला ओलांडताना तिच्या मागे आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात. त्यांची वारंवारता वाऱ्याच्या वेगाला तारेच्या जाडीने भागून आलेल्या संख्येच्या साधारण एकपंचमांश असते, हे चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. दोन मिलिमीटर जाडीची तार आणि ताशी १८ किलोमीटर वारा असेल, तर स्वर ५०० हर्ट्‌झच्या आसपास लागतो. वारा थोडा वाढून ताशी साडेएकवीस झाला, की स्वर ६०० वर, म्हणजे डीपीच्या गंधारावरून पंचमावर सरकतो. हे भोवरे तारेच्या स्वतःच्या एखाद्या कंपनाशी जुळले, तर आवाज एकदम भरदार होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन लॅम्ब या संगीतकाराने टाकून दिलेल्या टेलिग्राफच्या तारांतून असेच संगीत मिळवले.

तारेतला आवाज हवेत फारसा उतरत नाही, त्यामुळे साधा माइक येथे अपुरा पडतो. बझरमधली पितळी पिझो चकती तारेला चिकटवून रेकॉर्डरला जोडली, की कंपनांचे थेट विजेत रूपांतर होते. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. मात्र झटका मशीन (जनावरांना विजेचा झटका देणारे यंत्र) जोडलेल्या कुंपणाला चकती लावू नये, आणि डीपीचा आवाज दुरूनच टिपावा. फोनवर मुद्रण करायचे असल्यास आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती नेमकी हीच गुणगुण पुसून टाकते.

अशा मुद्रणांवर पुढे तबला किंवा बासरी चढवण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते तो टाळावा. डीपीचा स्वर जागचा हलत नाही, तारेचा वाऱ्यासरशी चढतो-उतरतो, आणि त्या दोघांमधले सतत बदलणारे अंतर हीच रचना आहे. कलाकाराने ठरवायचे ते इतकेच, की मुद्रण कोणत्या प्रहरी सुरू करावे आणि कोठे कापावे.