कापून न संपणारे पॉलिप

आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेला मांसल उंचवटा, सापडला की तो दुर्बिणीतून कापून टाकायचा आणि निर्धास्त व्हायचे, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक पॉलिपांच्या बाबतीत तो फारसा चुकीचाही नाही. क्रॉन्काइट-कॅनडा सिंड्रोम या अतिदुर्मीळ आजारात मात्र तो उपयोगी पडत नाही. या नावातल्या कॅनडाचा त्या देशाशी काही संबंध नाही. १९५५ साली दोन स्त्री रुग्णांवरून हा आजार प्रथम वर्णन करणाऱ्या दोघा अमेरिकी डॉक्टरांपैकी विल्मा कॅनडा या क्ष-किरणतज्ज्ञ होत्या. तेव्हापासून जगभरात नोंदले गेलेले रुग्ण अजूनही शेकड्यांतच मोजता येतात आणि त्यांतले बरेचसे जपानमधले आहेत.

रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. तोंडाची चव जाते, जुलाब सुरू होतात, वजन झपाट्याने उतरते. त्याच सुमारास, कधी त्याच्याही आधी, डोक्याचे आणि भुवयांचे केस झडतात, नखे विद्रूप होऊन सुटू लागतात आणि हातापायांवर तपकिरी डाग उमटतात. केसांसाठी एक डॉक्टर आणि पोटासाठी दुसरा, अशा फेऱ्यांत महिने निघून जातात. (केस गळायला लागले की तेले आणि गोळ्या विकणारे प्रथम भेटतात, गळणाऱ्या केसांसोबत जुलाब आणि पायांवर सूज असेल, तर तो वेळ महागात पडतो.) दुर्बीण आत घातल्यावर अन्ननलिका बहुधा निरोगी दिसते, पण जठर आणि मोठे आतडे पॉलिपांनी गच्च भरलेले असते.

हे पॉलिप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की खरा भेद कळतो. आनुवंशिक पॉलिपोसिसमध्ये, म्हणजे असंख्य पॉलिप उगवणाऱ्या आनुवंशिक आजारात, जन्मतःच मिळालेल्या जनुकदोषामुळे पेशींची वाढ बेबंद होते. येथे तसा आनुवंशिक दोष आढळत नाही. पॉलिप म्हणजे पाणी धरून फुगलेले, दाहाच्या पेशींनी भरलेले आणि ग्रंथी ताणल्या गेलेले अस्तरच असते. दोन पॉलिपांमधले वरवर सपाट दिसणारे अस्तरही तितकेच आजारी असते. म्हणून कापायचे तरी काय आणि किती, असा प्रश्न उभा राहतो.

या सुजलेल्या अस्तरातून रक्तातील प्रथिने आतड्याच्या पोकळीत पाझरत राहतात आणि रुग्णाची बरीचशी दुर्दशा या गळतीतून येते. अल्ब्युमिन हे प्रथिन केशवाहिन्यांमध्ये पाणी धरून ठेवते. ते घटले की पाणी ऊतींमध्ये उतरते आणि पाय सुजतात. यकृत रोज साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करते, पण गळती त्याहून वेगवान असली की त्याचा निभाव लागत नाही. आता ही गळती मोजायची कशी? आतड्यात उतरलेले अल्ब्युमिन पाचकरसांत पचून जाते, त्यामुळे मलात त्याचा माग लागत नाही. तेथे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे दुसरे प्रथिन कामी येते. प्रथिने तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) निष्प्रभ करणे हेच त्याचे काम असल्यामुळे ते स्वतः पचनातून बरेचसे शाबूत सुटते. रक्तातले आणि २४ तासांच्या मलातले त्याचे प्रमाण ताडून पाहिले की रोज किती रक्तद्रव आतड्यात सांडते, याचा अंदाज बांधता येतो. यात एक मेख आहे: जठरातील तीव्र आम्लात हे प्रथिनही टिकत नाही, त्यामुळे गळती जठरातूनच होत असेल, तर आम्ल कमी करणारे औषध दिल्याखेरीज चाचणी फसवी ठरू शकते. अशी साधी आणि चतुर चाचणी वैद्यकातही विरळाच.

मूळ कारण निश्चित झालेले नसले, तरी रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अस्तरावर उलटत असावी, असा अंदाज आहे आणि ही शक्ती दाबणाऱ्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडना मिळणारा प्रतिसाद त्याला बळ देतो. सोबत प्रथिनयुक्त आहार, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची भरपाई केली जाते. अन्न पचतच नसेल, तर शिरेतून पोषण द्यावे लागते. आजार इतका विरळ आहे की उपचारांची मोठी तुलनात्मक चाचणी घेणेच अशक्यप्राय, त्यामुळे मात्रा आणि मुदत अनुभवाच्या आधारे ठरते. जुलाब तुलनेने लवकर आटोक्यात येतात, केस आणि नखे नंतर परततात, आणि पॉलिप ओसरायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. बरे वाटू लागले म्हणून स्टेरॉइड घाईने कमी केले, तर आजार उलटतो. अशा वेळी रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच अझाथायोप्रिनसारख्या औषधाची जोड दिली जाते.

कात्रीला येथे काम अगदीच नाही, असे नाही. काही रुग्णांत या पॉलिपांच्या गर्दीत कर्करोगपूर्व गाठी किंवा जठराचा व मोठ्या आतड्याचा कर्करोगही सापडतो. म्हणून संशयास्पद गाठी काढून तपासायला पाठवतात आणि केस पूर्ववत आल्यानंतरही ठरावीक काळाने दुर्बीण तपासणी चालू ठेवतात.