बॅकअप किती दिवस ठेवायचा: टेपच्या रिळापासून क्लाउडपर्यंत

गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत टाकलेली फाइल पूर्वी कोणी पेटी रिकामी करेपर्यंत तिथेच पडून राहायची. ऑक्टोबर २०२० पासून ती ३० दिवसांनी आपोआप जाते. क्लाउडवरच्या बऱ्याच सेवांची मुदत अशीच महिन्याच्या आसपास असते. रोज ऑफिस उघडून रोज त्याच फायली वापरणाऱ्याला ती पुरते, कारण काही बिघडलं तर चार दिवसांत कळतंच. देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदाराचं वर्ष मात्र तसं चालत नाही. गिऱ्हाइकांची यादी, पेट्यांचे हिशेब, फवारणीच्या नोंदी यांना हंगाम आटोपला की कोणी हात लावत नाही. जूनमध्ये जागा करायच्या नादात एखादं फोल्डर उडालं, तर ते नाही हे कळणार फेब्रुवारीत, पहिल्या पेट्या निघताना. तोवर ती मुदत केव्हाच संपलेली असते.

बॅकअप कधी घ्यायचा आणि प्रत किती दिवस ठेवायची, याचे आकडे आपण सेटिंगमध्ये असतील तसे स्वीकारतो. ते आले मात्र फार वेगळ्या ठिकाणाहून.

१९५१ मध्ये युनिव्हॅक संगणकाबरोबर आणि पुढच्याच वर्षी आयबीएमच्या ७२६ या यंत्राबरोबर चुंबकीय टेप व्यवहारात आली. टेपवरच्या नोंदी जागच्या जागी बदलत नसत. कालची मुख्य टेप आणि आजच्या व्यवहारांची टेप एकत्र वाचून तिसऱ्या रिळावर नवी मुख्य टेप लिहिली जायची. जुनी आपोआप शाबूत राहायची. नवी बिघडली तर जुन्यावरून पुन्हा करता यायची. यालाच लेक, बाप, आजोबा अशा पिढ्यांची नावं पडली. चौथी पिढी आली की आजोबांचं रीळ पुसून पुन्हा वापरायचं, कारण टेप महाग होती. म्हणजे मुदत कोणी बसून ठरवली नव्हती. कपाटात रिळं किती, यावर ती ठरत होती. पुढे तीच नावं रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या प्रतींना लागली. ७ रोजच्या, ४ आठवड्याच्या, १२ महिन्याच्या, अशा अवघ्या २३ प्रतींत वर्षभर मागे जाता येतं. ही रचना आजही कोणत्याही नव्या सोयीपेक्षा शहाणी आहे असं माझं मत आहे.

वेळेचंही तसंच. युनिक्स या संगणक प्रणालीवर १९७०च्या दशकात डम्प नावाची आज्ञा आली. शून्य पातळी म्हणजे सगळ्याची प्रत, त्यापुढच्या पातळ्यांना फक्त बदललेल्या फायलींची. हे काम रात्री लावायचं, कारण दिवसा यंत्रावर माणसं असायची. रात्रीची ती वेळ पुढे सवयीने चालत राहिली. पावसाळ्यात कोकणात ती सोयीची नाही. रात्री वारा सुटला, फांदी तारेवर पडली की लाइन सकाळीच येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. युनिक्सवर ठरल्या वेळी कामं सुरू करणारा साधा क्रॉन हा प्रोग्रॅम, त्या वेळी यंत्र बंद असलं तर ते काम सोडूनच देतो, नंतर आठवण काढत नाही. ही उणीव भरायला अॅनाक्रॉन आला. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही चुकलेलं काम यंत्र सुरू होताच करण्याची सोय आहे, पण तिच्यावर आपण खूण करावी लागते.

पहिली पूर्ण प्रत तर रात्रीत होतच नाही. १० एमबीपीएसने वर चढवायचं म्हटलं तर ५०० जीबीला साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. म्हणून हे काम आगोटीच्या बेगमीसारखं पाऊस लागायच्या आत उरकायचं. नंतर रोज थोडे बदलच जातात.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम २००५च्या सुमारास पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. यातला तिसरा आकडा आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षिला गेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. संगणक टेबलावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात, अशी मांडणी जिथे असेल तिथे दोन्ही एकदमच जाणार. प्रत दुसऱ्या जागी हवी, एवढा प्रश्न क्लाउडने खरोखर सोडवला.

पण त्याने दुसरा उभा केला. मार्च २००६ मध्ये अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा सुरू झाली आणि कपाटातली रिळं संपण्याची अडचणच गेली. २०१० मध्ये तिच्यात व्हर्जनिंग आलं. त्यात फाइल पुसली तरी वर फक्त पुसल्याची खूण बसते, जुनी आवृत्ती खाली तशीच राहते. सुखाची गोष्ट, पण तिचं बिलही चालू राहतं. म्हणून २०११च्या अखेरीस ठराविक दिवसांनी आपोआप पुसण्याचे नियम आले, आणि २०१२ मध्ये क्वचित लागणाऱ्या प्रतींसाठी स्वस्त ग्लेशियर. टेपच्या काळात जागा संपली म्हणून पुसलं जायचं; आता पुसणं हा आपण लिहून ठेवायचा निर्णय झाला. तो कोणी घेतला नाही, तर बिल वाढतं किंवा सेवेने आधीच भरलेला आकडा लागू होतो.

मग उलटं वारं आलं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा विषाणू पसरला. त्याच्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीतलं टर्मिनलही अडखळलं. म्हणजे उरणच्या किनाऱ्यापर्यंत तो पोचला. मर्स्कचे सगळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे जाळ्यात कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारे सर्व्हर, पुसले गेले, वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. (लाइन जाण्याचा असा फायदा कोकणात अजून कोणाला झाल्याचं ऐकिवात नाही.) हल्लेखोर आत शिरला की प्रतीही पुसतो, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये एस-थ्रीवर ऑब्जेक्ट लॉक आलं. त्याच्या कडक प्रकारात मुदत संपेपर्यंत खातेदार स्वतःही प्रत पुसू शकत नाही. तेव्हा सात वर्षांचं कुलूप लावण्याआधी सात वर्षांचं बिल मोजावं.

कायद्याचा धागाही यात आहे. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्यात नोंदलेली असते, त्यामुळे तिला हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात. वह्या संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा. तो ‘वेळोवेळी’ऐवजी ‘रोज’ हा बदल ऑगस्ट २०२२ चा. मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून पुण्यात आणि अॅमेझॉनची २०१६ पासून मुंबईत डेटा केंद्रं आहेत, म्हणून हे जमतं. मुंबई आपल्याच किनाऱ्यावर असल्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून अॅमेझॉनचं हैदराबादही आहे.

हंगामी धंद्यासाठी मी आकडे असे लावीन: वह्यांची प्रत कायद्याप्रमाणे बारमाही रोज, बाकीच्या फायलींची हंगामात रोज दुपारी आणि पावसाळ्यात आठवड्याला एक. महिन्याच्या प्रती बाराऐवजी चौदा, म्हणजे मागचा हंगाम पुढच्या हंगामाच्या अखेरीपर्यंत हाताशी राहतो. मे अखेरची एक प्रत वेगळी काढून आठ वर्षं कुलपात. एप्रिलच्या घाईत कोणी तपासणार नाही, म्हणून जानेवारीत एखादी जुनी फाइल परत उतरवून उघडून बघायची. आणि रोजच्या प्रती स्वस्त दिसतात म्हणून ग्लेशियरमध्ये टाकायच्या नाहीत. तिथे किमान ९० दिवसांचं भाडं लागतं, आठव्या दिवशी पुसली तरी.