लांबलचक नॉर्वेजियन शब्दांत जोर कुठे द्यायचा?
नॉर्वेजियनमधले लांबलचक जोडशब्द एका सुरात, प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर देत म्हणायचे, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. ‘त्युत्तेबॅरस्युल्तेतॉय’ घ्या. त्युत्तेबॅर हे लाल, आंबट रानफळ. स्युल्तेतॉय म्हणजे जॅम. मुख्य आघात ‘त्युत्’वर, दुय्यम ‘स्युल’वर, बाकीची अक्षरं हलकी. बहुतेक जोडशब्दांत मुख्य जोर असाच पहिल्या पदावर पडतो, आणि त्यावर कधीकधी अर्थही ठरतो! ‘लाम्मेलोर’ जोडून म्हटलं तर कोकराची तंगडी. तोडून, दोन्ही पदांवर पूर्ण जोर दिला की लुळ्या मांड्या. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर पदांच्या सांध्यावर तोडणं उत्तम. दोन पदं जोडणारा मधला ‘स’ आधीच्या पदाकडे राहतो: ‘लान्स-लाग’, म्हणजे राष्ट्रीय संघ.